खोट खाऊन प्लेअर विकणे कोणाला परवडते? एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे यांचा जमाखर्च

एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे हे डीव्हीडीची जागा घेऊ पाहणारे, अधिक स्पष्ट चित्र देणाऱ्या तबकड्यांचे दोन प्रतिस्पर्धी फॉरमॅट; पहिल्यामागे तोशिबा होती, दुसऱ्यामागे सोनी. प्रश्न असा आहे: २००६ ते २००८ या काळात तोशिबाने एचडी डीव्हीडीचे प्लेअर उत्पादनखर्चाहून कमी किमतीला विकले आणि तिचा फॉरमॅट बुडाला, त्याच काळात सोनीने आत ब्लू-रे ड्राइव्ह बसवलेले प्लेस्टेशन ३ हे गेम कन्सोल त्याहूनही मोठी खोट खाऊन विकले आणि ब्लू-रे टिकला. दोघींनी एकच चाल खेळली असताना निकाल उलटे का लागले? आणि तोशिबाने किमती आणखी लवकर, आणखी खाली आणल्या असत्या तर काही वेगळे घडले असते का?

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सुट्या भागांची खरेदी आणि उत्पादनाचे कॉस्टिंग हे माझे वर्षानुवर्षांचे काम असल्यामुळे मी या प्रश्नाकडे हिशेबाच्या बाजूने पाहतो, आणि तसे पाहिले की या दोन चाली एकसारख्या दिसत नाहीत. तोट्यात विकलेली प्रत्येक वस्तू म्हणजे उद्याच्या उत्पन्नावर आज घेतलेली उचल असते, आणि ती फेडणारे उत्पन्न विकणाऱ्याच्याच हाती येणार असेल तरच तो व्यवहार शहाणपणाचा ठरतो. सोनीच्या हाती ते यायचे होते. तोशिबाने प्रत्येक प्लेअरमागे पदरचे घातलेले पैसे मात्र चित्रपट विकणाऱ्या स्टुडिओंच्या आणि तबकड्या छापणाऱ्या कारखान्यांच्या गल्ल्यात जमा होणार होते. शिवाय ज्या इतर उत्पादकांची तोशिबाला सर्वाधिक गरज होती, त्यांना बाजारात उतरणे तिच्या या किमतींमुळेच अशक्य झाले. माझ्या मते पराभवाचे मूळ इथे आहे, आणि उत्तराचा बराचसा भाग मी त्यावरच खर्च करणार आहे.

आधी तंत्राविषयी थोडे, कारण खर्चाचे आकडे तिथूनच येतात. डीव्हीडी वाचणारा लाल लेसर ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोन्हींत ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर वापरला गेला. निचिया या जपानी कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात निळ्या प्रकाशाच्या डायोडवर केलेल्या कामातून हा लेसर व्यवहारात उतरला. लेसरचा तबकडीवर पडणारा ठिपका जितका बारीक, तितकी माहिती दाट लिहिता येते, आणि ठिपक्याचा व्यास हा तरंगलांबीला लेन्सच्या न्यूमरिकल ॲपर्चरने (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते त्याच्या मापाने) भागून येणाऱ्या संख्येच्या प्रमाणात असतो. डीव्हीडीच्या लेन्सचे ॲपर्चर ०.६, एचडी डीव्हीडीचे ०.६५ आणि ब्लू-रेचे ०.८५. भागाकार केला तर अनुक्रमे सुमारे १०८३, ६२३ आणि ४७६ मिळतात. क्षमता ठिपक्याच्या क्षेत्रफळाशी निगडित असल्याने गुणोत्तरांचे वर्ग करावे लागतात: एचडी डीव्हीडीसाठी सुमारे तिप्पट आणि ब्लू-रेसाठी पाचपटीहून किंचित अधिक. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गीगाबाइट मावतात. त्याला या पटींनी गुणले की साधारण १४ आणि २४ येतात. प्रत्यक्षातल्या तबकड्यांत एका थरात १५ आणि २५ गीगाबाइट मावत असत, म्हणजे कागदावरचे हे साधे गणितही फारसे चुकत नाही.

ब्लू-रेला ही जास्तीची क्षमता फुकट मिळाली नव्हती. तबकडी फिरताना किंचित कलली तर ठिपका फिसकटतो, आणि हा दोष ॲपर्चरच्या घनाच्या आणि लेसरला पार कराव्या लागणाऱ्या प्लास्टिकच्या जाडीच्या प्रमाणात वाढतो. ॲपर्चर ०.८५ वर नेल्यावर डीव्हीडीची ०.६ मिलिमीटर जाडी चालण्यासारखी नव्हती, म्हणून ब्लू-रेच्या आखणीकारांनी माहितीचा थर पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर आणला. तो इतका वर आल्यामुळे ओरखड्यांची भीती निर्माण झाली. सोनीने जपानमध्ये एप्रिल २००३ मध्ये ४,५०,००० येनांना आणलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या तबकड्या प्लास्टिकच्या पेटीत बंद असत. पुढे टीडीकेने कठीण लेप तयार केल्यावर ती पेटी गेली. छपाईसाठी मात्र कारखान्यांना नवी यंत्रे घ्यावी लागणार होती. एचडी डीव्हीडीने ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवण्याची डीव्हीडीचीच रचना कायम ठेवली, त्यामुळे छपाईची जुनी यंत्रणा थोड्या फेरफाराने वापरता येत होती. डीव्हीडीच्या पेटंटांचा मोठा वाटा तोशिबाकडे होता आणि डीव्हीडीचे मानक ठरवणाऱ्या डीव्हीडी फोरमचा शिक्काही एचडी डीव्हीडीवर होता. म्हणजे तबकडीच्या खर्चात तोशिबाची बाजू खरोखर सरस होती. २००५ मध्ये दोन्ही गटांत एकच फॉरमॅट करण्याची बोलणी झाली आणि ती ०.१ की ०.६ याच मुद्द्यावर अडली, याचे कारणही आता कळेल: ज्या गटाचा आकडा स्वीकारला जाईल, त्याची यंत्रे, त्याची पेटंटे आणि पुढची सारी रॉयल्टी त्याच्याबरोबर जाणार होती.

आता प्लेअर. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेत तोशिबाचा एचडी-ए१ हा प्लेअर ४९९ डॉलरना आला. दोन महिन्यांनी सॅमसंगने पहिला ब्लू-रे प्लेअर आणला, तो जवळपास १,००० डॉलरना. ग्राहकाला दुकानात दिसणारा फरक एवढाच होता, आणि त्यावरून एचडी डीव्हीडी ही मुळातच निम्म्या खर्चाची वस्तू आहे असा समज पसरला. तो समज चुकीचा होता. आयसप्लाय या संशोधन संस्थेने एचडी-ए१ उघडून त्याच्या भागांची मोजदाद केली तेव्हा नुसत्या भागांचाच खर्च ६७४ डॉलर निघाला. रिमोट, तारा आणि वेष्टन धरून तो ७०० च्या पुढे जात होता.

त्या पेटीत काय होते हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. मुख्य सर्किटच्या पाटीवर इंटेलचा पेंटियम ४ प्रोसेसर, त्याच्या जोडीला एक गीगाबाइट मेमरी, चित्र उलगडण्यासाठी ब्रॉडकॉमची चिप आणि ध्वनीसाठी ॲनालॉग डिव्हायसेसचे चार शार्क प्रोसेसर. ज्याने ते झाकण उघडून पाहिले त्याला आत घरगुती प्लेअरऐवजी एक अख्खा संगणकच दिसला. तो सुरू व्हायला मिनिटभर लागत असे, त्याचेही कारण हेच. कॉस्टिंग करणाऱ्या माणसाला अशी पाटी पाहून एक गोष्ट लगेच कळते: या कामासाठी स्वतंत्र चिप अजून तयार झालेली नाही, म्हणून बाजारात मिळणारे सामान्य वापराचे महागडे भाग जोडून वेळ निभावून नेलेली आहे. चिप तयार होईपर्यंत थांबले असते तर खर्च निम्म्यावर आला असता, पण पहिले येण्याचा मान गेला असता.

खर्च वाढण्याचे आणखी एक कारण एचडी डीव्हीडीच्या नियमांतच होते. प्रत्येक प्लेअरला इंटरनेट जोडणी हवी, माहिती साठवायला जागा हवी आणि मुख्य चित्राच्या कोपऱ्यात दुसरे चित्र दाखवता यावे म्हणून चित्र उलगडणारा दुसरा डीकोडर हवा, ही सक्ती पहिल्या दिवसापासून होती. ब्लू-रेने या सोयी टप्प्याटप्प्याने आणल्या, त्यामुळे सुरुवातीचे ब्लू-रे प्लेअर त्या बाबतीत अपुरे होते. घेणाऱ्याच्या दृष्टीने तोशिबाचा प्लेअर अधिक पूर्ण होता, आणि जे तेव्हा त्याचे कौतुक करत होते ते योग्यच होते. विकणाऱ्याच्या ताळेबंदात मात्र ही पूर्णता प्रत्येक नगामागे डॉलर वाढवत होती.

४९९ आणि ६७४ यांतला फरक १७५ डॉलरचा दिसतो, पण तोटा तेवढाच नव्हता. दुकानदार ४९९ ला विकतो तेव्हा कारखान्याला ४९९ मिळत नाहीत. दुकानदाराचे मार्जिन, वाहतूक, हमीच्या काळातल्या दुरुस्त्या आणि परत आलेले माल हे सारे त्यातून वजा होते. त्यावर संशोधनाचा आणि जाहिरातीचा खर्च. शिवाय पुढच्या काळात तोशिबा प्लेअरसोबत चित्रपटांच्या तबकड्या मोफत देत होती, एका योजनेत तर पाच. एका प्लेअरमागे २०० डॉलर गेले असे धरणे म्हणजे हात राखून केलेला हिशेब आहे.

हे २०० डॉलर परत कोठून यायचे होते? तोशिबाकडे चित्रपट स्टुडिओ नव्हता. लोकांनी विकत घेतलेल्या तबकडीच्या किमतीतला मोठा भाग स्टुडिओ आणि दुकानदार यांच्याकडे जातो, त्यापुढे छापणाऱ्याचा वाटा, आणि फॉरमॅटच्या पेटंटधारकांना उरतात ते काही सेंट. उदाहरणादाखल तोशिबाच्या वाट्याला तबकडीमागे पाच सेंट आले असे समजा. २०० डॉलर भरून निघण्यासाठी त्या एका प्लेअरच्या मालकाने ४,००० तबकड्या घ्यायला हव्यात. वाटा दुप्पट धरला तरी २,००० हव्यात. चित्रपटांचा कितीही शौकीन माणूस घेतला तरी हे गणित जुळत नाही. म्हणून तबकड्यांच्या रॉयल्टीवर हा तोटा भरून निघेल असे तोशिबाने मानले असेल, असे मला वाटत नाही.

तिची खरी भिस्त दुसऱ्या उत्पन्नावर असणार: इतर कंपन्या जे प्लेअर बनवतील त्यांवरची रॉयल्टी. डीव्हीडीच्या बाबतीत हे घडलेले होते. जगभर, विशेषतः चीनमध्ये, कोट्यवधी डीव्हीडी प्लेअर तयार झाले आणि पेटंटधारकांना त्या प्रत्येकावर डॉलरांत मोजण्याइतकी रक्कम मिळण्याचा मार्ग तयार झाला. एचडी डीव्हीडीचेही तसेच होईल, आपण सुरुवातीला खोट खाऊन बाजार उघडून देऊ, मग इतर उत्पादक येतील, खर्च पडेल आणि आपण रॉयल्टी गोळा करू, असा तो बेत कागदावर सुसंगत होता.

पण या बेतातली दोन पावले एकमेकांच्या आड येतात. समजा तुम्ही दुसऱ्या एखाद्या कंपनीत प्लेअर विभागाचे प्रमुख आहात. फॉरमॅटची मालक असलेली कंपनी ७०० डॉलर खर्चाची वस्तू ४९९ ला विकते आहे. तुम्हाला तेच भाग त्याच बाजारातून, बहुधा थोड्या चढ्या दराने घ्यायचे आहेत, वर तोशिबालाच रॉयल्टी द्यायची आहे, आणि तोशिबाच्या किमतीला किंवा त्याहून कमी किमतीला विकायचे आहे. तोशिबाला या तोट्याच्या बदल्यात निदान पुढच्या रॉयल्टीची आशा तरी आहे. तुम्हाला तीही नाही. कोणताही शुद्धीवर असलेला विभागप्रमुख या धंद्यापासून चार हात लांब राहील, आणि प्रत्यक्षात तसेच घडले. अमेरिकेत आरसीए या नावाने जो प्लेअर मिळत होता तो तोशिबानेच बनवलेला होता. एलजीने २००७ च्या सुरुवातीला दोन्ही प्रकारच्या तबकड्या चालवणारा प्लेअर आणला, तो १,१९९ डॉलरना. स्वस्त एचडी डीव्हीडी प्लेअर वेंचुरर या नावाने २००७ च्या अखेरीस दिसू लागला, पण तोवर उशीर झाला होता. दोन वर्षे एचडी डीव्हीडीचे दुकानातले शेल्फ म्हणजे जवळजवळ एकट्या तोशिबाचे शेल्फ होते. समोर सॅमसंग, पॅनासॉनिक, पायोनिअर, सोनी, फिलिप्स, शार्प अशी नावांची रांग उभी होती, आणि ते सगळे सुरुवातीला हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून वर विकत असल्यामुळे त्यांच्या विक्रेत्यांनाही प्रत्येक नगामागे काही मिळत होते. ज्या वस्तूवर आपल्याला चार पैसे सुटतात ती वस्तू दुकानदार पुढे मांडतो, ही गोष्ट किमतींची तुलना करणारे लोक सहसा विसरतात.

ज्या फॉरमॅटचा परवाना सर्वांना खुला ठेवायचा आहे त्याच्या मालकाने स्वतःचे यंत्र तोट्यात विकू नये, असे माझे ठाम मत आहे. विकायचेच असेल तर चिपचा आराखडा, पिकअप (तबकडी वाचणारा लेसर-लेन्सचा भाग) आणि सॉफ्टवेअर तोट्यात द्यावे, म्हणजे सूट सगळ्या उत्पादकांपर्यंत पोहोचते. अंतिम वस्तूवर दिलेली सूट फक्त स्वतःच्या ग्राहकापर्यंत पोहोचते आणि सोबत्यांना बाजारातून हाकलते.

आता सोनीकडे वळतो. प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये जपान आणि अमेरिकेत आले. आयसप्लायच्या अंदाजानुसार २० गीगाबाइटच्या यंत्राचा खर्च सुमारे ८०६ डॉलर होता आणि किंमत ४९९. ६० गीगाबाइटच्या यंत्राचा खर्च सुमारे ८४० आणि किंमत ५९९. म्हणजे नगामागे तोटा अनुक्रमे ३०० हून अधिक आणि सुमारे २४० डॉलर. त्यातला ब्लू-रे ड्राइव्ह एकटाच १२५ डॉलरचा धरलेला होता. निळ्या लेसरचे डायोड पुरेसे तयार होत नव्हते, म्हणून युरोपातले आगमन मार्च २००७ पर्यंत पुढे ढकलावे लागले. मार्च २००७ ला संपलेल्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाने २३२.३ अब्ज येनांचा कार्यकारी तोटा दाखवला, आणि यंत्राची किंमत उत्पादनखर्चाखाली ठेवल्याचे कारण कंपनीने स्वतः दिले. पुढच्या वर्षी आणखी १२४.५ अब्ज येन गेले. दोन वर्षांची बेरीज ३५६.८ अब्ज येन होते. जिंकलेल्या बाजूचा हा आकडा नजरेआड करून या लढाईविषयी बोलणे बरोबर नाही.

तरीही सोनीचा तोटा भरून निघण्याच्या वाटा वेगळ्या होत्या. गेम कन्सोलच्या धंद्यात यंत्र तोट्यात आणि गेममध्ये नफा ही रीत जुनी आहे. प्रत्येक गेमच्या प्रतीवर इतर प्रकाशकांकडून येणारा परवाना शुल्काचा वाटा सेंटांत नसून डॉलरांत असतो, आणि सोनीच्या स्वतःच्या गेमवर तर सगळाच नफा तिचा. एकाच माणसाने काही वर्षांत दहाबारा गेम घेतले तर तोट्याचा मोठा भाग परत येतो. त्यापलीकडे सोनीकडे कोलंबिया पिक्चर्ससारखा स्टुडिओ होता आणि तबकड्या छापणारा स्वतःचा कारखाना होता. ब्लू-रे तबकडी विकली गेली की एकाहून अधिक ठिकाणी तिला पैसे सुटत. शिवाय प्लेस्टेशन ३ दुसऱ्या कोणालाच बनवता येत नव्हते, त्यामुळे त्याच्या तोट्याच्या किमतीने पॅनासॉनिक किंवा सॅमसंग यांचे थेट पाय ओढले गेले नाहीत. काही प्रमाणात ओढले गेले, कारण जाणकार ग्राहक हजार डॉलरचा प्लेअर घेण्याऐवजी कन्सोल घेत. पण ज्याला घरातल्या दिवाणखान्यात गेमचे यंत्र नको होते तो ग्राहक त्यांच्याकडे शिल्लक राहिला.

मायक्रोसॉफ्ट एचडी डीव्हीडीच्या बाजूला होती, मग तिने एक्सबॉक्स ३६० मध्ये हा ड्राइव्ह का बसवला नाही, हा उपप्रश्न इथे ओघाने येतो. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्येच बाजारात आले, तेव्हा एचडी डीव्हीडीचा एकही प्लेअर विक्रीस आलेला नव्हता. वर्षभराने वेगळा जोडायचा ड्राइव्ह १९९ डॉलरना आला. मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने हा निर्णय बरोबर होता, कारण कन्सोल स्वस्त राहिले आणि वर्षभर आधी पोहोचले. एचडी डीव्हीडीच्या दृष्टीने मात्र तो घातक ठरला. वेगळा विकत घ्यावा लागणारा ड्राइव्ह फार थोडे लोक घेतात. आत बसवलेला ड्राइव्ह प्रत्येकाच्या घरी आपोआप पोहोचतो. २००७ च्या अखेरपर्यंत सोनीने जगभरात एक कोटीहून अधिक प्लेस्टेशन ३ दुकानांपर्यंत पाठवले होते. एचडी डीव्हीडीचे सगळे प्लेअर आणि एक्सबॉक्सचे ड्राइव्ह मिळून जगभरातली संख्या दहा लाखांच्या आसपास होती.

तोशिबाच्या बाजूचा तेव्हाचा युक्तिवाद असा होता की प्लेस्टेशन घेणारे गेम खेळतात, चित्रपट पाहत नाहीत, आणि एका प्लेअरमागे विकल्या जाणाऱ्या तबकड्यांची सरासरी एचडी डीव्हीडीचीच मोठी आहे. सरासरीपुरते ते खरे होते. पण स्टुडिओला सरासरी नको असते, त्याला एकूण विक्री हवी असते. एक कोटी यंत्रांच्या मालकांपैकी थोड्यांनीच तबकड्या घेतल्या तरी बेरीज मोठी होते, आणि २००७ मध्ये अमेरिकेत ब्लू-रेच्या तबकड्या एचडी डीव्हीडीच्या जवळजवळ दुप्पट विकल्या जात होत्या. जून २००७ मध्ये ब्लॉकबस्टरने आपल्या सुमारे १,४५० दुकानांत भाड्याने द्यायला फक्त ब्लू-रे ठेवण्याचे जाहीर केले ते याच आकड्यांकडे पाहून.

यावर तोशिबाच्या गटाने दोन बाजूंनी पैसा ओतला. ऑगस्ट २००७ मध्ये पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स ॲनिमेशन यांनी ब्लू-रे सोडून केवळ एचडी डीव्हीडी स्वीकारली. त्यासाठी दोघांना मिळून १५ कोटी डॉलरची प्रलोभने दिली गेल्याचे अमेरिकी वृत्तपत्रांनी तेव्हा छापले होते. दुसरी बाजू किमतीची. नोव्हेंबरच्या सुरुवातीला वॉलमार्टमध्ये एचडी-ए२ हा प्लेअर ९८.८७ डॉलरना मिळू लागला आणि इतर दुकानांनीही किमती पाडल्या. त्या एका आठवडाअखेरीस सुमारे ९०,००० प्लेअर विकले गेल्याच्या बातम्या आल्या.

ही विक्री मोठी दिसते, आणि तिच्यामुळेच आजही अनेकांना वाटते की तोशिबाने हेच वर्षभर आधी करायला हवे होते. मला तसे वाटत नाही. शंभर डॉलरना एचडी डीव्हीडी प्लेअर घेणारा ग्राहक आणि पाचशेला घेणारा ग्राहक ही वेगळी माणसे आहेत. पाचशे देणाऱ्याने नवा टीव्ही घेतलेला असतो आणि तो पंचवीस-तीस डॉलरच्या तबकड्या घेण्याच्या तयारीनेच येतो. शंभर देणाऱ्यांपैकी पुष्कळांना जुन्या डीव्हीडी नव्या टीव्हीवर जरा चांगल्या दिसाव्यात एवढेच हवे होते, आणि ते काम हा प्लेअर छान करत होता. किंमत जितकी खाली जाते, तितका प्रत्येक नव्या ग्राहकामागचा तोटा वाढतो आणि त्याने तबकडी घेण्याची शक्यता घटते. तोट्याच्या विक्रीचा वेग वाढला म्हणून आनंद मानण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहायला हवेत; माझ्या धंद्यात ही तपासणी न करता कोणी किंमत कापण्याचा प्रस्ताव आणला तर मी तो परत पाठवतो.

आपल्याकडे त्याच सुमारास जे घडत होते त्याच्याशी तुलना केली तर हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. २००७ मध्ये मोझर बेअरने हिंदी आणि प्रादेशिक चित्रपटांच्या डीव्हीडी ३४ रुपयांना आणि व्हीसीडी २८ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा मराठी घरांतही त्या मोठ्या संख्येने आल्या. तिथे किंमत पाडली गेली ती तबकडीची, आणि पाडणारी कंपनी स्वतः तबकड्या बनवणारी होती. खप वाढला की छपाईचा फायदा तिलाच. प्लेअर स्वस्त करण्याची जबाबदारी तिने अंगावर घेतली नव्हती, कारण ते काम स्वस्त चिनी प्लेअरांनी आधीच केलेले होते.

वॉर्नर ब्रदर्सचा निर्णय नाताळच्या विक्रीनंतर लगेच, ४ जानेवारी २००८ रोजी आला. तोवर दोन्ही फॉरमॅटमध्ये चित्रपट काढणाऱ्या वॉर्नरने पुढे फक्त ब्लू-रे काढण्याचे जाहीर केले. लास व्हेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनातली एचडी डीव्हीडी गटाची पत्रकार परिषद रद्द झाली. दहाच दिवसांनी तोशिबाने पुन्हा किमती कापल्या आणि एचडी-ए३ हा प्लेअर १५० डॉलरवर आणला. या वेळी त्या कपातीचा अर्थ ग्राहकांनी आणि दुकानदारांनी वेगळा लावला: माल संपवायला काढला आहे. स्पर्धा चुरशीची असताना कमी किंमत आकर्षक वाटते; निकाल एका बाजूला झुकल्यावर तीच किंमत घायकुतीला आल्याची खूण ठरते. फेब्रुवारीत तेव्हा तबकड्या भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय, वॉलमार्ट ही दुकाने यांनी पाठ फिरवली आणि १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीचे प्लेअर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. त्या वर्षीचा या व्यवसायातला तिचा तोटा सुमारे १०० अब्ज येनांच्या घरात होता. सोनीने प्लेस्टेशनवर गमावलेल्या रकमेशी ताडून पाहिले तर तो लहान आहे, पण तो परत मिळवून देणारे काहीही तोशिबाच्या हाती उरले नव्हते.

जे एचडी डीव्हीडी प्लेअर आणि तबकड्या घेऊन बसले त्यांच्याविषयी मला खरोखर वाईट वाटते. त्यांनी चांगली वस्तू घेतली होती. एचडी डीव्हीडीवर प्रदेशांचे कुलूप नव्हते, तर ब्लू-रेने जग तीन प्रदेशांत वाटले. त्यांचे पैसे बुडाले ते वस्तूच्या दोषामुळे नव्हे, तर तिच्यामागचा जमाखर्च उभा राहू शकत नव्हता म्हणून.

तोशिबाने प्लेअर खर्चाच्या किमतीला, म्हणजे सातशे-आठशे डॉलरना विकले असते तर ती जिंकली असती का, हे आता पाहू. माझे उत्तर नाही असेच आहे. ब्लू-रेच्या निम्म्या किमतीचा फायदा गेला असता आणि क्षमतेतली कमी उरली असती. मात्र इतर दोन-तीन उत्पादक सोबत आले असते, तोटा आटोक्यात राहिला असता आणि प्लेस्टेशनचे आकडे स्पष्ट होताच, म्हणजे २००७ च्या मध्यावर, सन्मानाने तडजोड करण्याची ताकद शिल्लक राहिली असती. किमतीच्या जोरावर लढाई लांबवल्यामुळे ती ताकदही खर्ची पडली. तोशिबासमोरचा खरा पर्याय २००५ च्या बोलण्यांत होता. ०.१ मिलिमीटरची रचना मान्य करून त्या बदल्यात सॉफ्टवेअर, चित्राचे संकेतन आणि पेटंटांच्या वाट्यात मोठा हिस्सा मागता आला असता, कारण तेव्हा युनिव्हर्सल, वॉर्नर आणि पॅरामाउंट हे तिन्ही स्टुडिओ एचडी डीव्हीडी काढण्यास तयार होते आणि सोनीला युद्ध टाळण्याची किंमत मोजायला लावता येत होती. २००८ मध्ये मागण्यासारखे काहीच उरले नव्हते.

सोनीच्या विजयाचे मोल किती, याविषयी लोक अजूनही वाद घालतात. मला ते मोल मर्यादित वाटते. नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून चित्रपट दाखवणे जानेवारी २००७ मध्ये, म्हणजे ही लढाई ऐन भरात असतानाच सुरू केले होते, आणि डीव्हीडीने मिळवला तसा खप ब्लू-रेला कधीच मिळाला नाही. प्लेस्टेशन २ च्या काळात सोनीकडे असलेले निर्विवाद पहिले स्थानही महाग प्लेस्टेशन ३ मुळे हातचे गेले; निन्टेंडोचे वी हे यंत्र त्या पिढीत सर्वाधिक विकले गेले. तरीही एकाच यंत्रातून गेम आणि चित्रपट या दोन्ही बाजारांतले उत्पन्न मिळण्याची सोय तिच्याकडे असल्यामुळे ती हा भार पेलू शकली. तोशिबाने ऑगस्ट २००९ मध्ये ब्लू-रे संघटनेत प्रवेश मागितला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतःचा पहिला ब्लू-रे प्लेअर बाजारात आणला.